जिन्यातून उतरणारं विमान

माटुंग्यात मोठं मॉडेल विमान बांधायचं ठरलं की पहिलं माप घ्यावं ते जिन्याचं. इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या दादर-माटुंगा योजनेत उभ्या राहिलेल्या जुन्या इमारतींचे जिने ऐसपैस आहेत. पावणेदोन मीटरचं धड लाकडी कठड्यावरून उचलून वळणावर फिरवता येतं; फार तर खालच्या मजल्यावरच्या काकू दार किलकिलं करून 'आता काय नवीन?' असं विचारतात. पुनर्विकासातल्या टॉवरमध्ये हे सुख नाही. तिथे लिफ्टमध्ये धड तिरकं धरावं, तर शेपूट दारात अडकतं आणि लिफ्ट किंचाळत राहते. म्हणून मुंबईतलं मोठं विमान आराखड्यापासूनच सुट्या भागांचं असतं: पंखाचे दोन अर्धे, मध्ये जोडनळी, शेपटीचे भाग बोल्टनं बसणारे. बांधणाऱ्यानं हे आधी ठरवलं नाही, तर विमान पूर्ण होतं आणि दिवाणखान्यातच राहतं.

'मोठं' म्हणजे किती, याचा जगभर एक ढोबळ संकेत आहे. अमेरिकेतल्या इंटरनॅशनल मिनिएचर एअरक्राफ्ट असोसिएशनच्या मोजमापात एकपंखी विमान 80 इंचांचं, म्हणजे दोन मीटरच्या किंचित वर, आणि दुपंखी 60 इंचांचं असलं की ते 'जायंट स्केल' धरतात. खऱ्या विमानाची चौथाई प्रतिकृतीही त्यात बसते. फ्लाइंग क्लबांमध्ये वैमानिकांच्या पिढ्या घडवणारं टायगर मॉथ चौथाई केलं की पंख येतो 2.23 मीटरचा. हिंदुस्थान एअरक्राफ्टचं 'पुष्पक' 1958 मध्ये प्रथम उडालं. वर पंख, खाली पेटीसारखं धड, दोन माणसांची जागा, असं ते साधंसुधं विमान. ते चौथाई केलं तर पंख पावणेतीन मीटरच्या आसपास जातो. माझं मत विचाराल तर मराठी मुलानं मस्टँग आणि स्पिटफायरच्या मागे लागण्याआधी एक पुष्पक बांधावं. त्याच्या रेषा सरळ आहेत, पंख वर असल्यानं ते आपोआप सावरतं, आणि आपल्याकडच्या क्लबांच्या हँगरमध्ये ते खरोखर उभं असायचं.

हे पुस्तक अशा विमानांविषयी आहे. घरात बांधायची, पेट्रोलवर किंवा बॅटरीवर चालवायची, आणि शहराबाहेर नेऊन उडवायची. त्यात उडवण्याची प्रकरणं कमी आणि बांधणीची जास्त आहेत. हल्ली खोक्यातून तयार विमान येतं, संध्याकाळी चार बोल्ट आवळले की सकाळी मैदानावर. त्यात वाईट काही नाही. पण आठ किलोचं विमान आत कुठे चिकटवलेलं आहे आणि कुठे नुसतं टेकलेलं आहे हे ज्याला माहीत नाही, त्यानं ते माणसांच्या आसपास उडवू नये, असं माझं स्पष्ट म्हणणं आहे.

का, ते आकड्यांत पाहू. 1.1 मीटर पंखाचं, एक किलोचं विमान घ्या आणि त्याची सगळी मापं दुप्पट करा. पंखाचं क्षेत्रफळ चौपट होतं, वजन मात्र आठपट. म्हणजे पंखाच्या प्रत्येक चौरस मीटरवर दुप्पट भार येतो आणि विमान ज्या वेगाखाली हवेत तग धरत नाही तो वेग सुमारे 1.4 पटीनं वाढतो. लहान विमानाचा ताशी तिशीत असेल तर मोठ्याचा चाळिशीच्या आसपास. गंमत अशी की डोळ्याला ते उलट संथ वाटतं, कारण लांबी दुप्पट झाली आणि वेग तेवढा वाढला नाही. मोठ्या पंखावरून हवाही अधिक शहाण्यासारखी वाहते, वाऱ्याच्या झुळकीनं विमान डचमळत नाही. एकदा बसलेला हात मोठ्या विमानावर लहानापेक्षा लवकर निवांत होतो, हे कोणताही जुना मॉडेलर सांगेल. पण आठ किलो वजन ताशी 100 किलोमीटर वेगानं जात असताना त्यात सुमारे 3,000 ज्यूल ऊर्जा असते. ताशी 140 किलोमीटरनं टाकलेल्या लेदर चेंडूत असते 120 च्या आसपास. पंचवीस वेगवान चेंडू एकाच वेळी, आणि पुढे फिरता प्रॉप. मोठं विमान उडवायला सोपं आणि चुकायला महाग, ते या हिशेबामुळे.

आता कामाचं टेबल. घरगुती कार्यशाळेत सगळ्यात उपयोगाची वस्तू म्हणजे जुनं फ्लश डोअर. दोन स्टुलांवर ते आडवं टाकलं, पाणसळ ठेवून खाली पुठ्ठ्याचे तुकडे सारले, की साडेसहा फुटांचा सपाट पाट तयार. त्यावर आराखडा, आराखड्यावर पातळ प्लास्टिक, आणि त्यावर विमान. टाचण्या दारात सहज रुततात. रात्री काम संपलं की दार भिंतीला उभं करायचं, म्हणजे अंथरुणं घालायला जागा होते.

बाल्सा विकत घेताना नुसतं माप पाहू नका. तीन फूट लांब, चार इंच रुंद, एक अष्टमांश इंच जाडीची एक फळी 30 ग्रॅमची निघते आणि तिच्या शेजारचीच 60 ची. दोन्ही एकाच झाडाच्या जातीच्या, बहुधा इक्वेडोरच्याच. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा बाहेर काढा, प्रत्येक फळीवर पेन्सिलीनं वजन लिहा आणि ढीग लावा. जड, ताठ फळ्या पंखाच्या मुळाशी. मऊ आणि हलक्या टोकांना आणि शेपटीला. शेपटीत वाढलेला एक ग्रॅम नाकाशी तीन-चार ग्रॅम मागतो, कारण शेपूट तोलबिंदूपासून लांब असतं. मैदानावर नाकात शिसं भरणारे मॉडेलर दिसतात; त्यांनी ते शिसं दोन महिन्यांपूर्वी शेपटीतल्या जड लाकडाच्या रूपानं आधीच विकत घेतलेलं असतं.

पंखाच्या फासळ्या कापण्याची जुनी पद्धत अजून चांगली आहे. प्लायवुडचे दोन साचे, त्यांच्यामध्ये बाल्साच्या पट्ट्यांची गड्डी, दोन लांब बोल्टनं आवळलेली, आणि मग रंधा, कानस, पॉलिश पेपर. सगळ्या फासळ्या एकदम एकसारख्या होतात. खालचा स्पार, म्हणजे पंखभर जाणारी लाकडी पट्टी, आराखड्यावर टाचायचा, त्यावर गुण्या लावून एकेक फासळी उभी करायची, वरचा स्पार बसवायचा. इथपर्यंत मुलंही करतात. खरी मेख पुढे आहे. दोन स्पारच्या मध्ये, प्रत्येक दोन फासळ्यांच्या दरम्यान, बाल्साचा एक आडवा पडदा चिकटवायचा असतो, आणि त्याच्या लाकडाची शीर उभी हवी. शीर आडवी लागली तर दिसायला काहीच फरक नाही. उड्डाणात विमान जोरात वर खेचलं की पंखावर वजनाच्या पाचपट भार सहज येतो. आठ किलोच्या विमानाला तो 40 किलो. वरचा स्पार दाबला जातो, खालचा ताणला जातो, आणि दोघांना एकमेकांवरून सरकू न देणारा तोच पडदा. तो चुकीचा असेल तर पंख मुळाशी घडी होऊन मिटतो.

दुसरी मेख पीळ. पंखाच्या पुढच्या भागावर वरून-खालून पातळ बाल्सा चढवला की तो भाग बंद नळीसारखा होतो, आणि त्या क्षणी पंखात जो पीळ असेल तो कायमचा बसतो. टोकाकडे दोन अंशांचा पीळ मुद्दाम हवा असतो, म्हणजे वेग कमी झाल्यावर टोक आधी पडत नाही. 40 सेंटिमीटर रुंदीच्या पंखाला याचा अर्थ मागच्या कडेखाली 14 मिलिमीटरची पट्टी. दोन्ही अर्ध्यांना तीच पट्टी, त्याच जागी. अशा वेळी फेविक्विक वापरू नये असा माझा आग्रह आहे. हळू सुकणाऱ्या फेविकॉलमध्ये वीस मिनिटं मिळतात, आणि त्या वीस मिनिटांत डोळा बारीक करून मागच्या कडेवरून पाहता येतं.

मुंबईच्या हवेनं या छंदाला एक वेळापत्रक लावून दिलं आहे. जून ते सप्टेंबर बांधणी, कारण उडवायला मैदानच नसतं. पण त्याच महिन्यांत डोप, म्हणजे पंखावरचं कापड ताणून धरणारा लेप, लावता येत नाही: हवेतल्या दमटपणानं तो पांढरा पडतो आणि कापडावर बुरशीसारखे डाग येतात. इस्त्रीनं चिकटणाऱ्या फिल्मनं ही अडचण बरीच सोडवली. तरी टिश्यू आणि डोपवाले जुने लोक नवरात्रापर्यंत थांबतातच. भातकापणी झाली की कर्जत, शहापूरकडची खाचरं मोकळी होतात, आणि पहाटेच निघालं तर समुद्रावरून दुपारचा वारा सुटायच्या आत चार उड्डाणं होतात.

शक्तीबद्दल लोकांच्या मनात सगळ्यात जास्त उत्सुकता असते, म्हणून त्या प्रकरणावर मी सगळ्यात जास्त पानं खर्च केली आहेत. जुन्या पिढीला कोलकात्याच्या इंडियाज हॉबी सेंटरची 'अरोरा' इंजिनं आठवत असतील: इवलंसं डिझेल, इंधन म्हणजे ईथर, रॉकेल आणि एरंडेल. तो वास एकदा कपड्यांना लागला की दोन धुण्यांत जात नसे. नंतर मेथॅनॉलवर चालणारी ग्लो इंजिनं आली. मोठ्या विमानांना मात्र खरी वाट मिळाली ती करवती आणि गवत कापायच्या यंत्रांच्या पेट्रोल इंजिनांमधून. परदेशात लोकांनी तीच इंजिनं सोडवून विमानांना बसवली, आणि मग खास विमानांसाठी तशी इंजिनं बनू लागली. आज 50-55 सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन दीड किलोच्या आत असतं, 22 इंची प्रॉप मिनिटाला सातेक हजार फेऱ्यांनी फिरवतं, आणि दहा किलोच्या पुढे ओढ देतं. म्हणजे आठ किलोचं विमान नुसतं ओढीवर सरळ वर चढेल. लूना मोपेडचं इंजिनही 50 सीसीचंच होतं, हे ऐकून कुणाचे तरी डोळे चमकतात, म्हणून आधीच सांगतो: ते वजनानं आणि स्वभावानं रस्त्याचं इंजिन आहे. भंगारातून आणून खोलायला उत्तम, विमानाला नको.

पेट्रोल इंजिनाचे खरे शत्रू दोन: थरथर आणि ठिणगी. थरथरीनं बोल्ट सैल होतात, सोल्डर तुटतं, टाकीतली नळी गळून पडते. म्हणून प्रत्येक धातूच्या बोल्टला थ्रेडलॉक आणि दर उड्डाणानंतर ॲलन की. ठिणगीमुळे रिसीव्हरला गोंगाट ऐकू येतो. म्हणून इग्निशनचं युनिट आणि त्याची बॅटरी नाकात, रिसीव्हर निदान फूटभर मागे, आणि थ्रॉटलची काडी नायलॉनची, धातूची नको. इग्निशन बंद करायचा स्विच ट्रान्समीटरवर वेगळा असलाच पाहिजे. इंजिन सुरू करताना शेपूट दोरीनं खांबाला बांधलेलं, आणि प्रॉपच्या पात्याच्या रेषेत कुणीही नाही, भाचा नाही आणि फोटो काढणारा मित्रही नाही.

बॅटरी शेजाऱ्यांना आवडते, हे तिचं मोठं बलस्थान. पण 50 सीसीच्या तोडीची मोटर हवी तर बारा सेलचा लिथियम पॉलिमर पॅक लागतो, 44.4 व्होल्टचा, 5,000 मिलिॲम्पिअर-तासांचा. त्यात 222 वॉट-तास ऊर्जा, आणि पूर्ण थ्रॉटलला मोटर साडेचार किलोवॉट खाते. तीन मिनिटांत खेळ संपतो. हात राखून उडवलं तर सहा-सात मिनिटं. अर्धा लिटर पेट्रोलवर त्याच आकाराचं विमान पंधरा-वीस मिनिटं फिरतं. शिवाय हा पॅक घरात जपावा लागतो. तो लाकडी कपाटात, गाद्यांजवळ ठेवू नये. मातीच्या कुंडीत ठेवावा, फरशीवर, आणि चार्जिंग चालू असताना घरातून बाहेर पडू नये. हे मी पुस्तकात तीन ठिकाणी लिहिलं आहे आणि संपादकांना ते काढू दिलेलं नाही.

माटुंगा आणि त्याच्या खालची मुंबई या कामाला अनुकूल का, हे इथल्या हातांकडे पाहिलं की कळतं. रुळांच्या एका बाजूला 1915 पासूनचा रेल्वेचा माटुंगा वर्कशॉप, दुसऱ्या बाजूला 1923 मध्ये भायखळ्याहून इथे आलेली व्हीजेटीआय. परळ-लालबागला गिरण्या होत्या तेव्हा टर्नर आणि फिटर घरटी निघायचा. 1982 च्या संपानंतर त्यातल्या काहींनी गाळ्यांत लेथ टाकले. इंजिनाच्या शाफ्टला बसणारा ॲल्युमिनियमचा वॉशर परदेशातून मागवायला महिना लागतो. असा लेथवाला तो नमुना पाहून दुपारपर्यंत काढून देतो, आणि 'हे कशाला लागतं?' या प्रश्नाचं उत्तर ऐकून पैसे घ्यायला लाजतो. बेअरिंग आणि ॲलन बोल्ट नागदेवी स्ट्रीटला, कनेक्टर आणि सिलिकॉन वायर लॅमिंग्टन रोडला. थर्माकोलचंही तसंच. गणपतीची मखरं तापत्या तारेनं कापणारे कसबी हात गिरणगावात होते. फोमच्या गाभ्याचा पंख नेमका तसाच कापतात: दोन टोकांना प्लायवुडचे साचे, नायक्रोम तार, दोन माणसं आणि एकच लय. मार्च 2018 मध्ये राज्यानं प्लास्टिकबरोबर थर्माकोलच्या सजावटीवरही बंदी आणली आणि मखरं कागदाची झाली. पर्यावरणाच्या दृष्टीनं ते योग्यच झालं. त्या हातांना मात्र दुसरं काम कुणी दिलं नाही.

मुंबईत विमानाचा विषय निघाला की चिराबाजारचे शिवकर बापूजी तळपदे येणारच. त्यांनी 1895 मध्ये गिरगाव चौपाटीवर मानवरहित विमान उडवलं, असं आपण लहानपणापासून ऐकतो. त्या उड्डाणाचा समकालीन, भक्कम पुरावा उपलब्ध नाही. ज्या 'वैमानिक शास्त्र' ग्रंथाशी ही कथा जोडतात, त्यातल्या आराखड्यांची बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या अभ्यासकांनी 1974 मध्ये तपासणी केली आणि ती विमानं उडण्याजोगी नाहीत असं दाखवून दिलं. याच्या शेजारी सॅम्युअल लँग्ली ठेवा. 6 मे 1896 रोजी वॉशिंग्टनजवळ पोटोमॅक नदीवर त्यांचं वाफेवर चालणारं मानवरहित विमान सुमारे एक किलोमीटर उडालं. पंख चौदा फुटांच्या घरात, वजन अकरा-बारा किलो; म्हणजे आजच्या भाषेत जायंट स्केल मॉडेलच. त्या दिवशी अलेक्झांडर ग्रॅहम बेल तिथे होते आणि त्यांनी छायाचित्रं काढली. तळपद्यांनी काय केलं आणि काय नाही हे आज कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही, कारण वही उरली नाही. प्रत्येक फळीचं वजन, तोलबिंदूची जागा, प्रॉपचं माप, पहिल्या उड्डाणाची तारीख, हे सगळं लिहून ठेवायचा माझा हेका त्यातून आला आहे.

आपल्या काळातलं उदाहरण मात्र कागदोपत्री पक्कं आहे. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत, चारकोपच्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. ते खरंखुरं, माणसं बसायचं विमान. फेब्रुवारी 2016 मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं; त्यासाठी ते गच्चीवरून सुटं करून क्रेननं उतरवावं लागलं होतं. पुढं 2017 मध्ये त्याला व्हीटी-एनएमडी हा नोंदणी क्रमांक मिळाला आणि 2020 मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवर ते हवेत उठलं. गच्ची ते धावपट्टी या प्रवासात रिव्हेट ठोकण्याइतकाच वेळ परवान्यांत गेला, हे वर्तमानपत्रं वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

परवान्यांचा विषय आमच्या छंदालाही सुटलेला नाही. ऑगस्ट 2021 च्या ड्रोन नियमांनी मॉडेल विमानाची व्याख्या केली: 25 किलोपर्यंत वजन, शिक्षण, संशोधन, रचना, चाचणी किंवा करमणूक एवढाच वापर, आणि नजरेच्या टप्प्यातलं उड्डाण. व्याख्या समंजस आहे. पण चालू विमानतळाच्या हद्दीपासून आठ किलोमीटरच्या आत ग्रीन झोन, म्हणजे परवानगीविना उडवता येईल असा भाग, नाही, आणि सांताक्रूझचा विमानतळ माटुंग्याहून त्यापेक्षा जवळ आहे. वर मुंबई पोलिसांचे मनाई आदेश पुन्हा पुन्हा निघतात, त्यांत ड्रोन आणि पॅराग्लायडरबरोबर रिमोटवर चालणारी छोटी विमानंही असतात. या शहरानं जे सोसलं आहे ते पाहता मी त्याविरुद्ध बोलणार नाही. फाइव्ह गार्डन्समध्ये किंवा शिवाजी पार्कावर 'एकच चक्कर' मारणाऱ्याशी मात्र मी बोलत नाही. त्या एका चकरेनं सगळ्यांचं मैदान जातं.

माझी मागणी वेगळी आहे. मुंबई महानगर प्रदेशात, विमानतळांपासून दूर, दीडशे मीटरची एक गवताची पट्टी आणि भोवती मोकळी जमीन कायमची मिळावी. कुंपण, एक पत्र्याची शेड, आणि वार ठरलेले. अभियांत्रिकी कॉलेजांचे संघ एसएईच्या एअरो डिझाइन स्पर्धांसाठी दर वर्षी विमानं बांधतात आणि चाचणीसाठी जागा शोधत फिरतात. एनसीसीच्या एअर विंगमध्ये एअरोमॉडेलिंग शिकवतात. पुण्यात सदानंद काळे यांच्या शोमधून शाळकरी मुलांना मैदानावर विमान जवळून दिसतं. मुंबईतल्या मुलाला ते मोबाइलवर दिसतं. सरकारी खर्चाच्या मानानं ही पट्टी फुकटात पडेल.

तोवर वाचकानं काय करावं? पहिलं विमान मोठं बांधू नये. सव्वा-दीड मीटरचं शिकाऊ विमान घ्यावं, संगणकावरच्या सिम्युलेटरवर हात बसवावा, मैदानावर जाणत्या माणसाच्या शेजारी उभं राहून शिकावं. मग या पुस्तकाच्या तिसऱ्या प्रकरणापासून सुरुवात करावी: इंजिन विकत न घेता, फक्त डावा पंख बांधावा. तो दारावर सपाट ठेवून, मागच्या कडेखाली 14 मिलिमीटरची पट्टी घालून पाहावा. पट्टी सहज सरकली आणि पंख डुगडुगला नाही, तर उजवा घ्यायला हरकत नाही.